समकक्ष विषय आणि विद्यापीठाची विषयसूची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासक्रम बदलला, महाविद्यालय बदलले किंवा मध्ये दोन वर्षे शिक्षण थांबले की विद्यार्थ्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो: आधी उत्तीर्ण झालेल्या विषयाचे आता काय? महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांमध्ये या प्रश्नाचे उत्तर कसे ठरते, ते कोठे नोंदवले जाते आणि कोठे अडते, हे विद्यार्थी, विभागप्रमुख, अभ्यास मंडळांचे नवे सदस्य आणि परीक्षा विभागातील कर्मचारी या सर्वांसाठी येथे मांडले आहे. या पानावर ‘विषय’ म्हणजे स्वतःचा सांकेतांक (कोड), स्वतःचे श्रेयांक (क्रेडिट) आणि स्वतंत्र मूल्यमापन असलेला पेपर, आणि ‘अभ्यासक्रम’ म्हणजे अशा विषयांनी मिळून बनलेली पदवी किंवा पदविका.

समकक्ष विषय म्हणजे नेमके काय?

एखादा विषय उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या एका विषयाची अट पूर्ण केली आहे असे विद्यापीठ लेखी निर्णयाने मान्य करते, तेव्हा पहिला विषय दुसऱ्याला समकक्ष ठरतो. यात ‘लेखी निर्णयाने’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन विषयांचे साम्य कितीही उघड दिसत असले, तरी निर्णय झालेला नसेल तर समकक्षता नाही. आणि निर्णय झाला असेल, तर नावे पूर्णपणे वेगळी असली तरी समकक्षता आहे.

नावावरून अंदाज बांधणे किती फसवे असते याचे नेहमीचे उदाहरण ‘संशोधन पद्धती’ या विषयाचे आहे. वाणिज्य, समाजशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिन्ही पदव्युत्तर अभ्यासक्रमांत या नावाचा विषय असू शकतो. पण एकात नमुना निवड आणि प्रश्नावली असते, दुसऱ्यात क्षेत्रकार्य आणि मुलाखती, तर तिसऱ्यात प्रयोगांची आखणी आणि उपकरणांच्या नोंदी. नाव एक असले तरी यातील कोणताही विषय दुसऱ्याची जागा आपोआप घेऊ शकत नाही.

समकक्षता, सूट आणि पूर्वअट यांत काय फरक आहे?

पूर्वअट म्हणजे पुढचा विषय घेण्याआधी जो विषय झालेला असावा लागतो तो. सूट मिळाली की विद्यार्थ्याला एखादा विषय करावा लागत नाही, मात्र त्या विषयाचे श्रेयांक मिळतातच असे नाही. ते अन्य विषयांतून भरून काढावे लागू शकतात. समकक्षतेत विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काही शिकून परीक्षा दिलेली असते आणि त्याचे श्रेयांक नव्या विषयाच्या खात्यावर धरले जातात. कार्यालयीन बोलण्यात हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि पुढे पदवी प्रमाणपत्राच्या वेळी श्रेयांकांची बेरीज जुळत नाही. म्हणून अर्ज करताना आपण यांपैकी नेमके काय मागत आहोत, हे विद्यार्थ्याने स्पष्ट लिहावे.

समकक्षता ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालणाऱ्या विद्यापीठांत शैक्षणिक निर्णय ठरलेल्या क्रमानेच होतात. त्या विषयाचे अभ्यास मंडळ शिफारस करते, ती संबंधित विद्याशाखेकडे जाते, विद्यापरिषद मान्यता देते आणि त्यानंतर परिपत्रक निघते. स्वायत्त महाविद्यालयात हेच काम महाविद्यालयाचे स्वतःचे अभ्यास मंडळ आणि स्वतःची विद्यापरिषद करते. प्राचार्य, विभागप्रमुख किंवा परीक्षा विभाग यांना मंजूर तक्त्याची अंमलबजावणी करता येते. तक्त्यात नसलेली जोडी त्यांना स्वतःच्या सहीने मान्य करता येत नाही. प्रवेशाच्या खिडकीवर मिळालेले तोंडी आश्वासन कितीही सदिच्छेने दिलेले असले, तरी निकालाच्या वेळी त्याचा उपयोग होत नाही.

दोन विषयांची तुलना कशी करतात?

दोन्ही अभ्यासपत्रिका (विषयांचे छापील सिलॅबस) समोरासमोर ठेवून घटकवार पाहणी करतात. कोणते घटक समान आहेत, श्रेयांक किती, विषय कोणत्या वर्षाचा आहे, सिद्धान्त आणि प्रात्यक्षिक यांची वाटणी कशी आहे, मूल्यमापन किती अंतर्गत व किती सत्रान्त आहे आणि विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे अशी अपेक्षा आहे, हे सर्व तपासले जाते. समान घटकांची टक्केवारी काढण्याची पद्धत सोयीची असली, तरी केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

एक उदाहरण घेऊ. संगणकशास्त्राच्या जुन्या अभ्यासक्रमात ‘डेटा स्ट्रक्चर्स’ हा विषय होता आणि त्यात ॲरे, लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, ट्री, सॉर्टिंग आणि सर्चिंग एवढे घटक होते. नव्या अभ्यासक्रमात त्याच नावाच्या विषयात ग्राफ आणि हॅशिंग यांची भर पडली. घटक मोजले तर बहुतांश भाग समान आहे आणि समकक्षता द्यावी असे वाटते. पण पुढच्या सत्रातील अल्गोरिदमचा विषय ग्राफपासूनच सुरू होत असेल, तर जुन्या अभ्यासक्रमातून आलेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात अडखळतो. म्हणून ‘किती घटक समान आहेत’ यापेक्षा ‘जे राहिले आहे त्यावर पुढचे काय उभे आहे’ हा प्रश्न अभ्यास मंडळाने आधी विचारावा, असे माझे ठाम मत आहे. अशा वेळी समकक्षता नाकारण्याची गरज नसते. राहिलेल्या दोन घटकांचा छोटा पूरक वर्ग आणि एक अंतर्गत चाचणी अशी अट घालून ती देता येते. विद्यार्थ्याचे वर्ष वाचते आणि विषयाचा दर्जाही राखला जातो.

जुना विषय नव्याला समकक्ष असेल, तर नवा जुन्याला समकक्ष असतोच का?

नाही. समकक्षतेला दिशा असते. प्रात्यक्षिकासह शिकवलेला चार श्रेयांकांचा विषय केवळ सिद्धान्ताच्या दोन श्रेयांकी विषयाची अट पूर्ण करू शकतो, उलट दिशेने मात्र तसे होत नाही. तक्त्यात दोन रकाने असतात आणि वाचणारा ते दोन्ही बाजूंनी वाचतो, त्यामुळे ‘एकतर्फी’ की ‘परस्पर’ हे सांगणारा तिसरा रकाना असलाच पाहिजे.

तीन वेळा अभ्यासक्रम बदलला असेल, तर साखळी जोडून समकक्षता काढता येते का?

हा प्रश्न जुन्या एटीकेटीच्या, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्या, विद्यार्थ्यांच्या बाबतीत सतत येतो. पुण्यात ‘२०१५ पॅटर्न’, ‘२०१९ पॅटर्न’, ‘२०२४ पॅटर्न’ अशी नावे रूढ आहेत; ‘पॅटर्न’ म्हणजे त्या वर्षी लागू झालेली अभ्यासक्रमाची रचना. मुंबईत अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘आर-१९’ किंवा ‘सी स्कीम’ असे म्हणतात. पहिल्या पॅटर्नमधील विषय दुसऱ्यातील विषयाला समकक्ष आहे आणि दुसऱ्यातील तिसऱ्यातील विषयाला समकक्ष आहे, म्हणून पहिला तिसऱ्याला समकक्ष, असे गणित मांडण्याचा मोह होतो.

तो टाळावा. प्रत्येक फेरबदलात एक-दोन घटक गळतात आणि एक-दोन नवे येतात. प्रत्येक टप्प्यावर तो बदल छोटा असतो आणि अभ्यास मंडळ योग्य विचारानेच समकक्षता देते. पण तीन टप्प्यांनंतर पहिला आणि शेवटचा विषय शेजारी ठेवले, तर त्यांत नावापलीकडे फारसे समान उरलेले नसते. उदाहरणार्थ, मायक्रोप्रोसेसरच्या विषयात आधी ८०८५ शिकवला जाई, मग ८०८६ आला, पुढे मायक्रोकंट्रोलर आणि नंतर एम्बेडेड प्रणाली आल्या. लगतच्या कोणत्याही दोन टप्प्यांत नाते दिसते. दोन टोकांमध्ये ते पातळ झालेले असते. म्हणून नवा अभ्यासक्रम मंजूर करताना मंडळाने केवळ लगतच्या पॅटर्नशी नव्हे, तर ज्या ज्या पॅटर्नचे विद्यार्थी अद्याप नोंदणीत आहेत त्या प्रत्येकाशी थेट तक्ता तयार करावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला वेळ लागतो; तरी ते टाळले की संगणक प्रणाली साखळी स्वतःच जोडते आणि कोणीही न घेतलेला निर्णय गुणपत्रिकेवर छापला जातो.

एका विषयाच्या जागी दोन विषय, किंवा दोनांच्या जागी एक, असे चालते का?

चालते. वार्षिक पद्धतीतून सत्र पद्धतीत जाताना हे सर्रास घडले. कला शाखेत मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा शंभर गुणांचा वार्षिक पेपर दोन सत्रांत विभागला गेला, तेव्हा जुना एक पेपर नव्या दोन पेपरांना मिळून समकक्ष ठरला. अशा नोंदीत ‘मिळून’ हा शब्द अत्यावश्यक असतो. जुना पेपर राहिलेल्या विद्यार्थ्याने नव्यातील फक्त पहिल्या सत्राचा पेपर उत्तीर्ण केला, तर जुन्या पेपरची अट अर्धी पूर्ण झाली असे होत नाही. दुसराही द्यावाच लागतो.

श्रेयांक कमी-जास्त असतील तर?

सिद्धान्ताच्या वर्गात सत्रभरातील १५ तास म्हणजे १ श्रेयांक आणि प्रात्यक्षिकात ३० तास म्हणजे १ श्रेयांक, हे नेहमीचे माप आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा वर्ग, स्वाध्याय आणि इतर सर्व मिळून ३० तासांच्या अध्ययनाला १ श्रेयांक मानतो आणि वर्षाचे किमान ४० श्रेयांक धरतो.

जुना विषय ४ श्रेयांकांचा आणि नवा ३ श्रेयांकांचा असेल, तर नव्या विषयाचे ३ श्रेयांक धरले जातात. उरलेला एक श्रेयांक दुसऱ्या विषयात वळवता येतो असे गृहीत धरू नये. उलट जुना ३ आणि नवा ४ श्रेयांकांचा असेल, तर विषयाची अट पूर्ण होऊनही पदवीच्या एकूण बेरजेत एक श्रेयांक कमी पडतो. ही तूट कशी भरायची, एखादा कौशल्य विषय घेऊन की प्रकल्पातून, हे तक्त्याबरोबरच ठरवले पाहिजे. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांकांची चौकट आहे. शेवटच्या सत्रात एका श्रेयांकासाठी पदवी अडकते, तेव्हा त्याचे मूळ बहुधा पहिल्या वर्षीच्या अशाच अपुऱ्या नोंदीत सापडते.

गुण आणि श्रेणी कशा पुढे नेतात?

दहा गुणांच्या श्रेणी मोजपट्टीवर ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ म्हणजे ९, ‘ए’ म्हणजे ८ आणि उत्तीर्णतेची ‘पी’ श्रेणी म्हणजे ४ असे धरतात. सत्राची सरासरी काढताना प्रत्येक विषयाचे श्रेयांक आणि श्रेणीगुण यांचा गुणाकार करून त्यांच्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागतात. ४ श्रेयांकांच्या विषयातील ‘ए’ श्रेणीचे ३२ होतात. तोच विषय ३ श्रेयांकांच्या विषयाला जोडला की २४ होतात आणि भाजकही एकाने घटतो. श्रेणी तीच राहिली तरी सरासरीतील त्या विषयाचे वजन बदलते. चांगल्या श्रेणीच्या विषयाचे वजन घटले तर सरासरी थोडी उतरू शकते, आणि याची पूर्वकल्पना विद्यार्थ्याला दिली गेली पाहिजे. अंतर्गत आणि सत्रान्त गुणांची विभागणी वेगळी असेल, म्हणजे एकीकडे २०:८० आणि दुसरीकडे ४०:६०, तर प्रमाणात रूपांतर करण्याचे सूत्र परिपत्रकात दिलेले असावे. ते परीक्षा विभागाने प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळे ठरवू नये.

श्रेयांक ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा आहेत. आता समकक्षता आपोआप मिळेल का?

मिळणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये या बँकेचे विनियम काढले. बँक श्रेयांक साठवते, त्यांची खातरजमा करते आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत ते नेण्याची सोय देते. ते श्रेयांक कोणत्या विषयाच्या जागी धरायचे, हा निर्णय पदवी देणाऱ्या संस्थेचाच राहतो. श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात, आणि पदवी ज्या संस्थेची हवी तिच्याकडून किमान ५० टक्के श्रेयांक मिळवलेले असावे लागतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील अनेक टप्प्यांवर बाहेर पडण्याची आणि परत येण्याची सोय खऱ्या अर्थाने याच मुद्द्यावर अवलंबून आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेली मुलगी चार वर्षांनी परत येते, तेव्हा तिचे श्रेयांक बँकेत वैध असतात, पण दरम्यान अभ्यासक्रम बदललेला असतो. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत आणि पदव्युत्तर स्तरावर २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत पदवी स्तरावर २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. नोकरीसाठी, लग्नानंतर किंवा घरच्या आजारपणामुळे शिक्षण सोडावे लागलेल्या विद्यार्थ्यांचे परतणे समकक्षतेचा तक्ता तयार आहे की नाही यावर ठरते. तो तयार नसेल, तर परतीचा दरवाजा धोरणात उघडा राहतो आणि कार्यालयात बंद होतो.

‘स्वयम्’ वरील विषय महाविद्यालयातील विषयाला समकक्ष धरता येतो का?

धरता येतो. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन विषयांचे व्यासपीठ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रात अभ्यासक्रमातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ वरून करण्यास संस्था परवानगी देऊ शकते. मात्र विषय निवडण्याआधी महाविद्यालयाने जाहीर केलेली मान्य विषयांची यादी पाहावी. ‘स्वयम्’ वर विषय देणाऱ्या एनपीटीईएल या उपक्रमाचा बारा आठवड्यांचा विषय सामान्यतः ३ श्रेयांकांचा आणि आठ आठवड्यांचा २ श्रेयांकांचा धरला जातो, त्यामुळे ४ श्रेयांकी विषयाच्या जागी तो घेतल्यास वर सांगितलेली तूट उद्भवते. तसेच केवळ व्हिडिओ पाहून आणि स्वाध्याय भरून श्रेयांक मिळत नाहीत. देखरेखीखालची अंतिम परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

समकक्ष असलेले दोन्ही विषय घेऊन दोनदा श्रेयांक मिळवता येतात का?

येत नाहीत, आणि विषयसूचीने ते आधीच रोखले पाहिजे. एकच विषय दोन सांकेतांकांखाली दिला जातो तेव्हा हा गोंधळ अधिक होतो. महाराष्ट्रातील नव्या रचनेत खुला निवडक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो, त्यामुळे सांख्यिकीची मूलतत्त्वे किंवा भारतीय संविधान असे विषय अनेक विभाग वेगवेगळ्या नावांनी देतात. विद्यार्थ्याने नोंदणी करतानाच प्रणालीने ‘हा विषय आपण आधी केला आहे’ असे सांगावे. निकालानंतर सांगून उपयोग नाही.

विषयसूचीत समकक्षतेची नोंद कशी असावी?

हा भाग कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि मला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण चांगला निर्णय वाईट नोंदीमुळे वाया जातो.

प्रत्येक नोंदीत दोन्ही विषयांचे सांकेतांक, दोन्हींचे पॅटर्न, श्रेयांक, दिशा, अट असल्यास ती अट, कोणत्या शैक्षणिक वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत लागू, आणि विद्यापरिषदेच्या ठरावाचा क्रमांक व दिनांक असावा. एकदा वापरलेला सांकेतांक दुसऱ्या विषयाला कधीही देऊ नये. जुना विषय बंद झाला तर त्याची ओळ काढून टाकू नये. ‘बंद’ असा शेरा देऊन ती तशीच ठेवावी, कारण त्या ओळीवर कोणाची तरी दहा वर्षांपूर्वीची गुणपत्रिका उभी असते. विषयाच्या आशयात मोठा बदल झाला तर नवा सांकेतांक द्यावा. केवळ संदर्भग्रंथांची यादी बदलली किंवा घटकांचा क्रम बदलला तर सांकेतांक तोच ठेवून आवृत्ती बदलावी. हा भेद न केल्याने विषयसूचीत एकाच विषयाचे पाच सांकेतांक साठतात आणि मग त्या पाचांमध्ये समकक्षता देत बसण्याचे निष्कारण काम वाढते.

जुन्या अभ्यासपत्रिका संकेतस्थळावर वर्षवार जपून ठेवाव्यात. नवीन पान तयार करताना जुनी पीडीएफ काढून टाकली, तर परगावी किंवा परदेशी शिकायला गेलेल्या माजी विद्यार्थ्याला आपण काय शिकलो हे सिद्ध करणे कठीण होते. आणि समकक्षतेचा तक्ता नव्या अभ्यासक्रमाच्या प्रस्तावाचाच भाग असावा: तक्ता जोडलेला नसेल, तर अभ्यासक्रम मंजुरीसाठी पुढे जाऊ नये. विद्यार्थ्याचा अर्ज आल्यावर तक्ता करायला बसणे म्हणजे त्याचे सत्र वाया घालवणे होय.

जुन्या पॅटर्नच्या परीक्षा बंद झाल्या आणि विषय राहिला. आता काय?

विद्यापीठे जुन्या पॅटर्नच्या परीक्षा ठरावीक संधींपर्यंत घेतात आणि नंतर विद्यार्थ्याला नव्या पॅटर्नमधील समकक्ष विषयाची परीक्षा देण्यास सांगतात. परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी तक्त्यातील सांकेतांक स्वतः तपासावा आणि नवी अभ्यासपत्रिका मिळवावी. जुन्या नोट्सवर नव्या विषयाची परीक्षा देणारे विद्यार्थी दर सत्रात आढळतात, आणि त्यांना हे वेळेवर सांगणे ही महाविद्यालयाची जबाबदारी आहे.

समकक्ष विषयच नसेल तर?

अभ्यास मंडळ पर्यायी विषय सुचवू शकते. पर्यायी विषयाचा आशय जुळत असेलच असे नाही. श्रेयांक आणि स्तर जुळला की तो अट पूर्ण करण्यासाठी मान्य करता येतो. मात्र गुणपत्रिकेवर प्रत्यक्ष उत्तीर्ण केलेल्या विषयाचेच नाव असले पाहिजे.

नवे विद्यापीठ स्थापन झाल्यास जुन्या विषयांचे काय होते?

गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले, त्याआधी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये शिवाजी विद्यापीठातून आणि गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. अशा वेळी अर्ध्या वाटेवरच्या तुकड्यांची पदवी कोणी द्यायची हे आधी ठरवावे लागते. सुरुवातीला मूळ विद्यापीठाच्याच अभ्यासपत्रिका चालत असल्याने समकक्षता सोपी असते. खरी अडचण पहिल्या फेरबदलानंतर सुरू होते, तेव्हा एका बाजूच्या मंडळाकडे दुसऱ्या बाजूची नवी अभ्यासपत्रिका नसते.

परदेशी पदवीची समकक्षता हीच का?

नाही. ती संपूर्ण पदवीची समकक्षता असते आणि तिचे काम दीर्घकाळ भारतीय विद्यापीठ संघ पाहत आला आहे. विषयवार समकक्षता हवी असल्यास प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाकडेच अर्ज करावा लागतो.

अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडावीत?

सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र, श्रेयांक बँकेचा ओळख क्रमांक आणि आधीच्या संस्थेचा शिक्का असलेली अभ्यासपत्रिका. अभ्यासपत्रिका आपण ज्या वर्षी विषय शिकलो त्या वर्षीची हवी. संकेतस्थळावर आज दिसणारी कदाचित पुढच्या पॅटर्नची असते, आणि केवळ या एका कारणावरून अर्ज परत येतात. अर्ज प्रवेशाच्या वेळीच करावा, परीक्षा अर्जाच्या अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये.

समकक्षता नाकारली गेल्यास काय करावे?

प्रथम कारण लेखी मागावे. ‘आशय जुळत नाही’ एवढे उत्तर पुरेसे नाही. कोणते घटक जुळत नाहीत हे विचारण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार असावा. कारण कळल्यावर प्रयोगवही, प्रकल्प अहवाल किंवा शिक्षकांचे पत्र अशी पुरवणी जोडून महाविद्यालयामार्फत अभ्यास मंडळाकडे फेरविचारासाठी अर्ज करता येतो. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक जपून ठेवावा. निर्णय येईपर्यंत संबंधित विषयाच्या वर्गांना हजर राहावे, म्हणजे उत्तर नकारार्थी आले तरी उपस्थितीअभावी सत्र जाणार नाही.